पिंपरीची सुई आणि आईचं पोट

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. नातेवाईक मंडळींना कारण माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. २०२३च्या डिसेंबरात आईचं पोट बिघडलं आणि ते ताळ्यावर यायला फेब्रुवारी उजाडला. "काय झालं होतं गं नक्की?" असं नंतर इतक्या जणांनी विचारलं आणि मी दरवेळी इतकं अर्धवट उत्तर दिलं, की एकदा नीट बसून वाचायचं ठरवलं. वाचता वाचता त्या आजाराचा इतिहासच हाती लागला. आणि तो इतिहास जगभर फिरून शेवटी आईच्या माहेरी येऊन टेकला! म्हणून हा लेख. विषय पोटाचा आहे, तेव्हा जेवताना वाचू नका :-)

आम्ही राहतो तळोज्यात, फेज वनला. इथे कुणाचंही पोट बिघडलं की पहिला संशय पाण्यावर, मग हवेवर आणि मग एकूणच एमआयडीसीवर. त्यात फार चूक आहे असंही नाही. २०१७च्या ऑगस्टमध्ये इथली भटकी कुत्री चक्क निळी झाली होती. कारखान्यातला रंग कासाडी नदीत उतरला होता आणि कुत्री त्यात शिरली होती. ते फोटो जगभर छापून आले. अशा गावात जुलाब सुरू झाले तर माणूस आणखी कशाला नाव ठेवणार?

तर आईला दिवसातून आठ-दहा वेळा पळावं लागायला लागलं. आम्ही पाण्याचा फिल्टर बदलला. टँकरवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मी तिला जुलाब थांबवायची गोळी दिली. दोन दिवसांत फरक पडेना म्हणून केमिस्टकडे गेले, तर त्याने नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची स्ट्रिप काढून दिली. "लूज मोशनला हीच चालते." चालते खरी, आमच्या घरी वर्षानुवर्षं चालत आलीय. आईला मात्र ती घेतल्यावर ताप चढला, पोट ढोलासारखं फुगलं, आणि चौथ्या दिवशी ती न्हाणीघराच्या दारातच मटकन बसली. वय चौऱ्याहत्तर. तिला तसं बसलेलं पाहून माझे हातपाय गळाले.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाण्याबद्दल काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न हा, "गेल्या दोन-तीन महिन्यांत अँटिबायोटिक कुठलं घेतलं होतं?"

मी बोटं मोजायला लागले. नोव्हेंबरात लघवीच्या इन्फेक्शनसाठी सेफिक्झिम, ते रीतसर डॉक्टरांनी दिलेलं. दिवाळीनंतर खोकला हटेना म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन. ते कुणी दिलं? मी. मागच्या वर्षीचं प्रिस्क्रिप्शन घेऊन मीच दुकानात गेले होते. आणि आता हे नॉरफ्लॉक्सासिन. शिवाय गॅसची गोळी, म्हणजे पँटोप्राझोल, ती तर गेली सहा वर्षं रोज सकाळी. आम्ही तिला औषधात धरतच नाही, ती चहासारखी. पण वाचलं ते असं की पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्या सतत घेणाऱ्यांतही हा आजार जास्त दिसतो.

शौचाची तपासणी झाली आणि नाव कळलं, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. डॉक्टर मंडळी लाडाने सी-डिफ म्हणतात. (२०१६मध्ये त्याचं कुळ बदलून क्लॉस्ट्रिडिऑइडिस केलं. शास्त्रज्ञांना असले उद्योग आवडतात.) डॉक्टरीणबाईंनी सोप्या भाषेत सांगितलं की हा जंतू अँटिबायोटिकमुळे माजतो.

आईने हे ऐकलं आणि ग्लानीतसुद्धा मान हलवली. "औषधानं कसं होईल? औषधानं तर दादा वाचला."

हा दादा म्हणजे आमचे थोरले मामा. आईचं माहेर चिंचवडचं. १९५६ साली मामांना न्यूमोनिया झाला. आई तेव्हा सात वर्षांची. मामांची शुद्ध गेली होती, आजीने देव पाण्यात घातले होते, आणि डॉक्टरांनी दर काही तासांनी पेनिसिलिनची सुई टोचून त्यांना परत आणलं. तिसऱ्या दिवशी मामांनी उठून भात मागितला, ही गोष्ट आमच्याकडे रामायणासारखी सांगतात. ते औषध शेजारच्या पिंपरीत तयार झालं होतं असं आजी ठामपणे सांगायची. खरंखोटं तीच जाणे, पण काळ जुळतो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली पिंपरीत स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत तिला होती, आणि १९५५मध्ये तिथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं होतं. मामा पुढे मोठे होऊन त्याच कारखान्यात चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले.

त्या कारखान्याबद्दल मामा जे सांगायचे त्यातलं एक मला आता पुस्तकात सापडलं. तिथल्या संशोधन विभागात डॉ. थिरुमलाचार होते. त्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन नावाचं बुरशीनाशक औषध शोधलं, आणि त्या जीवाचं शास्त्रीय नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपली पिंपरी लॅटिनमध्ये! मामा हे सांगताना छाती पुढे काढायचे. नंतर त्या कारखान्याचे दिवस फिरले, तो विषय वेगळा.

आईचा विश्वास कुठून आला ते यावरून कळेल. तिच्या पिढीने सुईच्या आधीचे दिवस पाहिले होते, घरात धडधाकट माणूस चार दिवसांच्या तापाने जायचा ते. तिला "अँटिबायोटिकने आजार होतो" हे सांगणं म्हणजे देवाने चोरी केली म्हणण्यासारखं.

पण गंमत अशी की पेनिसिलिनचा हा दुसरा चेहरा अगदी सुरुवातीलाच दिसला होता. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. औषध मिळालेले चार तगले, बाकीचे चार सकाळपर्यंत मेले. तिथून पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. थोड्याच वर्षांत, १९४३मध्ये, दुसऱ्या काही संशोधकांनी हेच पेनिसिलिन गिनीपिगना दिलं, तर गिनीपिगच मेले. फ्लोरींनी त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर पेनिसिलिन विष म्हणून बाजूला पडलं असतं, असं बरेच जण लिहितात. गिनीपिग का मेले ते मात्र पुढे तीसेक वर्षं कुणाला धड कळलं नाही.

आजार तसा त्याहूनही जुना. १८९३मध्ये अमेरिकेत जॉन फिनी नावाच्या सर्जनने एका तरुणीच्या जठराची शस्त्रक्रिया केली. तिला नंतर जुलाब लागले आणि ती दगावली. शवविच्छेदनात आतड्याच्या आतून घटसर्पासारखा पडदा धरलेला दिसला. तेव्हा अँटिबायोटिकचा पत्ताच नव्हता. म्हणजे आजार होता, पण क्वचित. तो फोफावला १९५०च्या दशकात, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलचा सुकाळ झाल्यावर. शस्त्रक्रिया झालेले पेशंट जुलाबाने जाऊ लागले, आतड्यात तोच पडदा. डॉक्टरांनी शौचात जंतू शोधले, त्यांना स्टॅफिलोकोकस सापडला आणि आरोपी पकडला म्हणून सगळे मोकळे झाले.

आता हा भाग मला सगळ्यात आवडला. त्या स्टॅफिलोकोकसला मारायला व्हँकोमायसिन नावाचं नवं औषध आलं होतं. बोर्निओच्या जंगलातली माती एका मिशनऱ्याने एली लिली कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञ मित्राला पाठवली, त्या मातीत हे औषध निघालं. सुरुवातीला ते इतकं गढूळ तपकिरी असायचं की कंपनीतले लोक त्याला मिसिसिपीचा चिखल म्हणत. १९५८मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ते पोटात दिलं की पेशंट बरे होत. साहजिकच सगळ्यांची खात्री पटली, बघा, स्टॅफिलोकोकसच होता! खरा चोर बाजूला उभा राहून मजा बघत होता. व्हँकोमायसिनने तोही मरत होता, म्हणून पेशंट बरे होत होते. निदान चुकीचं आणि औषध बरोबर. (आमच्या घरी बरोब्बर उलटं झालं. निदान पाणी, तेही चुकीचं, आणि औषध त्याहून चुकीचं.)

बरं, खरा चोर काही अनोळखी नव्हता. १९३५मध्ये डेन्व्हरमध्ये आयव्हन हॉल आणि एलिझाबेथ ओटूल हे दोघं तान्ह्या बाळांच्या शौचातले जंतू तपासत होते. त्यात त्यांना एक नवा जंतू मिळाला. प्रयोगशाळेत वाढवायला तो इतका नाठाळ की नावच ठेवलं बॅसिलस डिफिसिलिस, म्हणजे अवघड. त्याचं विष गिनीपिगला मारक होतं, पण बाळं मात्र ठणठणीत. त्यामुळे कुणी त्याची भीती बाळगली नाही. नाव, पत्ता, वर्णन सगळं लिहून ठेवलेलं कपाटात पडून राहिलं, चाळीसेक वर्षं.

१९७४मध्ये सेंट लुईसमधल्या टेडेस्को आणि सहकाऱ्यांनी क्लिंडामायसिन घेणाऱ्या २०० पेशंटवर लक्ष ठेवलं. २१ टक्क्यांना जुलाब झाले आणि १० टक्क्यांच्या आतड्यात तो पडदा सापडला. दहातला एक! एवढ्यावर खळबळ माजली नसती तरच नवल. मग बॉस्टनमध्ये जॉन बार्टलेट हॅमस्टरांवर काम करू लागले, इंग्लंडमध्ये आणखी काही जण. पेशंटच्या शौचात पेशींना मारणारं एक विष मिळालं. ते विष क्लॉस्ट्रिडियम सॉर्डेली या भलत्याच जंतूच्या प्रतिविषाने निकामी होत होतं, त्यामुळे काही काळ सगळे त्याच्या मागे धावले. शेवटी १९७८मध्ये डिफिसिलचं नाव पक्कं झालं. दोघांच्या विषांत साम्य होतं, म्हणून तो घोटाळा.

हे सगळं मी आईला हॉस्पिटलमध्ये टप्प्याटप्प्याने सांगत होते. तिला जंतूंची नावं नको होती, तिला फक्त "औषधानं कसं" एवढंच हवं होतं. मग मी तिला आमच्या बिल्डिंगमागचा प्लॉट दाखवला. म्हणजे आठवण करून दिली. तिथे आधी करवंदी, टाकळा, आघाडा, गवत असं कायकाय होतं. एक दिवस जेसीबी आला आणि सगळं साफ करून गेला. बांधकाम काही झालं नाही. पुढच्या पावसात तिथे गुडघाभर गाजरगवत, नुसतं गाजरगवत. बिया आधीपासूनच तिथे पडलेल्या असणार, पण बाकीच्यांनी जागा दिली नव्हती. आतड्यात हजारएक जातींचे जंतू गुण्यागोविंदाने नांदत असतात. अँटिबायोटिक म्हणजे जेसीबी. त्याला टाकळा कुठला आणि तुळस कुठली कळत नाही. सी-डिफचे बीजाणू टणक, ते मागे उरतात किंवा बाहेरून येतात, आणि रान मोकळं मिळालं की माजतात.

(जाता जाता, गाजरगवत पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेही १९५५-५६च्या सुमारास, पिंपरीचं पेनिसिलिन आणि मामांचा न्यूमोनिया त्याच दिवसांतले. याला काही अर्थ नाही, पण मला मजा वाटली.)

आई म्हणाली, "मग तेव्हा दादाच्या पोटात नाही का जेसीबी गेला?" गेला असणार. पण मामा पोरवयाचे, आठवडाभर सुया, आधी-नंतर काही नाही. हिच्या पोटात महिन्याभरात तीन जेसीबी, वय चौऱ्याहत्तर, आणि शेवटचे दोन मी घातलेले. शेवटचं वाक्य मी तिला म्हणाले नाही. इथे लिहितेय. जुलाब थांबवायच्या गोळीबद्दलही नंतर कळलं. अशा जुलाबात ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाहीत, विष आतच कोंडून आतडं फुगायची भीती असते. तिचं फुगलेलं पोट मला अजून दिसतं.

उपचार तसा साधा. आधीची सगळी अँटिबायोटिक्स बंद, गॅसची गोळी बंद, आणि तेच ते व्हँकोमायसिन, १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस. कॅप्सूल मिळेना, म्हणून नर्सबाई इंजेक्शनची बाटली फोडून पावडर पाण्यात विरघळवून पाजायच्या. मी घाबरून विचारलं, "इंजेक्शन पाजताय?" त्या हसल्या. हे औषध पोटातून रक्तात जवळजवळ जातच नाही. शिरेतून दिलं तर आतड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून या आजारात ते पाजायचंच. बोर्निओचा चिखल आई नाक मुरडून प्यायची.

त्याच नर्सबाईंनी माझा दुसरा गैरसमज दूर केला. करोनापासून आमच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली आहे आणि आम्ही येता-जाता हात चोळतो. त्या म्हणाल्या, या जंतूच्या बीजाणूला अल्कोहोलने काही होत नाही. साबण आणि वाहतं पाणी, चांगलं घासून, म्हणजे तो धुऊन जातो. संडास-बाथरूमला ब्लीच. जमल्यास आजाऱ्याचा संडास वेगळा. सिडकोच्या आमच्या घरात संडास एकच, मग नवरोबा रोज सकाळी हातमोजे घालून ब्लीचची बादली घेऊन उभे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं.

जानेवारीत घरी आलो, आणि तीन आठवड्यांत पुन्हा तेच सुरू. पाचातल्या एकाला तरी असं परतून येतं म्हणे. आईचं वजन सात किलोने उतरलं होतं, बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. त्या रात्री ती मला म्हणाली, "आता पुरे गं." मी काहीच बोलले नाही, साबुदाण्याची पेज ढवळत राहिले.

या खेपेला व्हँकोमायसिन हळूहळू कमी करत लांबवलं. आणि डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं की पुन्हा उलटलं तर आणखी एक उपाय आहे, निरोगी माणसाच्या शौचातले जंतू पेशंटच्या आतड्यात सोडायचे. आई ताडकन उठून बसली. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्यात एवढा जोर दिसला. "मेले तरी चालेल!"

तिला सांगितलं नाही, पण हा उपाय जुना आहे. चौथ्या शतकात चीनमध्ये गे होंग नावाच्या वैद्याने असं काहीसं लिहून ठेवलंय. १९५८मध्ये डेन्व्हरच्याच बेन आइसमन यांनी चार पेशंट असे बरे केले. (त्यांनाही स्टॅफिलोकोकसचाच संशय होता!) मग कित्येक वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही, किळस आड येत असावी. २०१३मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत १६पैकी १३ पेशंट एकाच वेळच्या उपचाराने बरे झाले आणि फरक इतका उघड होता की चाचणी मध्येच थांबवली. २०१९मध्ये अमेरिकेत नीट न तपासलेल्या दात्यामुळे एक पेशंट दगावला, तेव्हापासून दात्यांची तपासणी कडक झाली. २०२३मध्ये तर तिथे याच्या कॅप्सूललाही परवानगी मिळाली. आईवर ती वेळ आली नाही. प्लॉटवर पुन्हा टाकळा उगवला एकदाचा.

दह्या-ताकाचं काय, हे सगळ्या मावश्यांनी विचारलं. आई ताक पीतच होती आणि पिईल. पण अँटिबायोटिकबरोबर जी प्रोबायोटिकची कॅप्सूल हल्ली सर्रास हातात ठेवतात, ती हा आजार टाळायला घ्या असं अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२१च्या मार्गदर्शिकेत म्हटलेलं नाही, उलट नको म्हटलंय. टाळायचा खरा उपाय इंग्लंडने करून दाखवला. तिथे २००० नंतरच्या दशकात हॉस्पिटलांतून सी-डिफने हाहाकार केला होता. आमच्या लेस्टरच्या वहिनी तेव्हा तिथे नर्स होत्या, त्या वॉर्डाच्या वासाबद्दल अजून सांगतात. २००६ नंतर रुग्णसंख्या सुमारे ८० टक्क्यांनी उतरली. साफसफाई झालीच, पण ऑक्सफर्ड-लीड्सच्या संशोधकांनी २०१७मध्ये दाखवलं की मोठा वाटा होता फ्लुरोक्विनोलोन कमी लिहिण्याचा. म्हणजे मी खोकल्यावर आणलं ते लिव्होफ्लॉक्सासिन ज्या जातीचं, तीच जात.

आपल्याकडे हा आजार फारसा नाही असं मानायची पद्धत होती. शोधलाच नाही तर दिसणार कसा? आपल्याकडे जुलाब म्हटलं की पाणी, हे डोक्यात पक्कं. पण मुंबईत माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०११मध्ये त्यांच्याकडच्या सी-डिफच्या पेशंटांचा अभ्यास छापला होता. आणि कायदाही आहे. १ मार्च २०१४पासून शेड्यूल एच-वन लागू झालं, त्यात सेफिक्झिम आहे, लिव्होफ्लॉक्सासिन आहे. ही औषधं देताना केमिस्टने वेगळ्या वहीत डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. मला जुन्या कागदावर लिव्होफ्लॉक्सासिन मिळालं तेव्हा कुठलीही वही उघडल्याचं आठवत नाही. मीही मागितली नव्हती.

हे वहीचं मी आईला सांगितलं ती माझी चूक. मार्चमध्ये जरा चालती-फिरती झाल्यावर ती काठी टेकत एकटीच खाली गेली. अर्ध्या तासाने केमिस्टचा पोरगा वर आला, घामाघूम. "काकू, आजींना न्यायला या ना. त्या स्टुलावर बसल्यात आणि म्हणतायत, माझं नाव लिहिलेलं पान दाखव, त्याशिवाय उठणार नाही."